गेमिंग ग्रुपमध्ये ॲडमिन कोण, मॉडरेटर कोण? कामाची वाटणी नसेल तर मोबाइलमधलं भांडण पारावर येतं

शिरूर / दौंड : रात्री नऊ वाजले की गावागावातल्या पोरांच्या मोबाइलवर एकच मेसेज फिरतो. ‘रूम आयडी-पासवर्ड पाच मिनिटांत.’ न्हावरे, मांडवगण फराटा, तळेगाव ढमढेरे असो, नाहीतर नदीपलीकडे पारगाव, केडगाव, पाटस, वरवंड असो, बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स खेळणारी मुलं आता एकेकटी खेळत नाहीत. त्यांचे व्हॉट्सॲप, टेलिग्राम किंवा डिस्कॉर्डवर ग्रुप असतात. त्यात शाळकरी मुलं असतात, रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळी करणारे तरुण असतात, आणि रात्रपाळीची लाईट यायची वाट बघत मोटारीपाशी बसलेला शेतकऱ्याचा मुलगाही असतो.

ग्रुप वीस जणांचा असतो तोवर सगळं हसतखेळत चालतं. दोनशे झाले की वाद सुरू होतात. ‘माझ्या टीमला का काढलं?’, ‘ॲडमिनचा भाऊ हॅक लावून खेळतो, त्याला कोण बोलणार?’, ‘बक्षिसाचे पैसे कुठे गेले?’ यातले बहुतेक वाद खेळातून होत नाहीत. ग्रुपमध्ये कोणाचं काम काय, हे कधी ठरलेलंच नसतं, म्हणून ते होतात.

बैलगाडा घाटात जे सगळ्यांना कळतं

शिरूर तालुक्यातल्या माणसाला हे समजायला फार लांब जायला नको. यात्रेत बैलगाड्याचा घाट भरतो तेव्हा निशाण दाखवणारा वेगळा असतो, घड्याळ लावणारा वेगळा आणि माईकवर बोलणारा वेगळा. ज्याचा गाडा पळतोय त्याच्या हातात घड्याळ कोणी देत नाही. यात्रा झाली की जमा-खर्च सगळ्यांसमोर मांडला जातो. म्हणून बारीच्या निकालावर कितीही आवाज चढला तरी प्रश्न कोणाला विचारायचा, हे ठरलेलं असतं.

गेमिंग ग्रुपमध्ये मात्र निशाण, घड्याळ, माईक आणि पेटी एकाच पोराच्या हातात असते. वरून तो स्वतः खेळतोही. मग त्याने प्रामाणिकपणे निकाल दिला तरी लोकांचा विश्वास बसत नाही.

कोणाचं काम काय?

मोठ्या ग्रुपमध्ये साधारण सहा प्रकारची कामं असतात. छोट्या ग्रुपमध्ये एकाच माणसाकडे दोन कामं आली तरी चालतात, पण कामं वेगवेगळी आहेत हे सगळ्यांना माहीत पाहिजे.

मालक : ज्याने ग्रुप सुरू केला तो. नियम अंतिम करणं, टीम नेमणं आणि काढणं, खात्याची सुरक्षा सांभाळणं ही त्याची कामं. रोजच्या भांडणात त्याने पडू नये. मॉडरेटरच्या निर्णयावर तक्रार आली, तरच त्याने लक्ष घालावं.

ॲडमिन : मालक नसताना ग्रुप चालवणारा. कोणाला आत घ्यायचं, कोणत्या सेटिंग बदलायच्या, कोणता मॉडरेटर कधी हजर असेल, हे तो बघतो. दोन-तीन ॲडमिन पुरतात. मित्र आहे म्हणून दहा जणांना ॲडमिन केलं की एका रात्री रागाच्या भरात कोणीतरी अर्धा ग्रुप रिकामा करतो.

मॉडरेटर : गप्पांवर लक्ष ठेवणारा. शिवीगाळ, जातीवरून किंवा गावावरून टोमणे, मुलींना त्रास, फसव्या लिंक हे थांबवणं हे त्याचं काम. तो पोलीसही नाही आणि न्यायाधीशही नाही. नियम मोडला तर ठरलेली पायरी लावायची आणि त्याची नोंद ठेवायची, एवढंच त्याच्याकडे असतं.

रूम चालवणारा : टीमची नोंदणी, स्लॉट लिस्ट, आयडी-पासवर्ड वेळेवर देणं आणि गुणांचा तक्ता करणं हे त्याच्याकडे. बीजीएमआयमध्ये चार-चार जणांच्या पंचवीस टीम, म्हणजे शंभर खेळाडू एका रूममध्ये येतात. एवढ्यांचा हिशेब ठेवणाऱ्याने त्या मॅचमध्ये स्वतः खेळू नये.

हिशेब बघणारा : बक्षीस कोणी दिलं, कोणाला पोचलं, कधी पोचलं, याची नोंद ठेवणारा. हा माणूस मालक नसलेला बरा.

निवेदक : यूट्यूबवर मॅच दाखवणारा आणि बोलणारा. खेळ रंगवणं त्याचं काम. तक्रारीवर लाईव्हमध्ये निकाल देणं हे त्याचं काम नाही.

व्हॉट्सॲप आणि डिस्कॉर्डमध्ये मोठा फरक

व्हॉट्सॲपवर ॲडमिन म्हणजे ॲडमिन, त्यात लहान-मोठा अधिकार वाटता येत नाही. तो सदस्यांना काढू शकतो, कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो. शिवाय ग्रुपमधल्या सगळ्यांना सगळ्यांचे मोबाइल नंबर दिसतात. ग्रुपमध्ये शाळकरी मुलं आणि मुली असतील तर हा मोठा धोका आहे. अनेक मुली मुलाच्या नावाने खेळतात, त्यामागे हेही एक कारण असतं.

टेलिग्रामवर प्रत्येक ॲडमिनला कोणते अधिकार द्यायचे ते निवडता येतं. डिस्कॉर्डवर ‘रोल’ बनवता येतात. मॉडरेटरला मेसेज काढायचा आणि एखाद्याला काही वेळ गप्प करायचा अधिकार देता येतो, पण ग्रुपची सेटिंग बदलायचा अधिकार न देता. कोणी कोणाला काढलं याची नोंद तिथे राहते. त्यामुळे ‘मी नाही काढलं’ असं म्हणून सुटता येत नाही. डिस्कॉर्ड वापरायला किमान १३ वर्षं वय लागतं, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

एक चूक सगळीकडे दिसते. काम मॉडरेटरचं असतं, पण ‘कशाला कटकट’ म्हणून त्याला सगळे अधिकार दिले जातात. मग त्याचं एक खातं हॅक झालं की पूर्ण ग्रुप हातचा जातो. जेवढं काम तेवढाच अधिकार, आणि अधिकार असलेल्या प्रत्येकाच्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, हा साधा नियम आहे.

मॉडरेटरकडून काय अपेक्षा ठेवायची?

हे काम बहुतेक ठिकाणी बिनपगारी असतं. म्हणून अपेक्षाही झेपतील एवढ्याच ठेवाव्या लागतात.

पहिली गोष्ट वेळ. आठवड्यातले कोणते दिवस, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे आधी ठरवावं. दहावी-बारावीची परीक्षा, कारखान्याचा हंगाम, कांद्याची काढणी या काळात सुट्टी मागितली तर ती मिळाली पाहिजे. न सांगता गायब होण्यापेक्षा ‘पंधरा दिवस जमणार नाही’ असं सांगणारा माणूस कधीही चांगला.

दुसरी गोष्ट आपलं-परकं. वाद आपल्या गावाच्या टीमचा, भावाचा किंवा जवळच्या मित्राचा असेल तर त्या मॉडरेटरने बाजूला व्हायचं आणि दुसऱ्याने बघायचं. आपल्याकडे अर्धा ग्रुप एकमेकांचा पाहुणा लागतो, म्हणून हा नियम लिहूनच ठेवावा.

तिसरी गोष्ट पायऱ्या. आधी समज, मग काही वेळ मेसेज बंद, मग ग्रुपबाहेर, आणि शेवटी कायमची बंदी. धमकी, मुलीला त्रास, पैशांची फसवणूक यात मात्र पायऱ्या नाहीत, तिथे थेट बाहेर. हॅकचा आरोप असेल तर रेकॉर्डिंग मागायचं. ‘लय भारी नेम लागला म्हणजे हॅकर’ हा पुरावा होत नाही.

चौथी गोष्ट तोंड बंद ठेवणं. कोणी काय तक्रार केली, कोणाचा नंबर काय, हे टीमबाहेर जाता कामा नये. मॉडरेटरने अठरा वर्षांखालच्या सदस्यांशी खासगी चॅटवर बोलणं टाळावं. बोलायचंच झालं तर दुसरा मॉडरेटर सोबत असावा.

पाचवी गोष्ट अपील. ज्याला काढलं त्याला का काढलं हे कळलं पाहिजे, आणि त्याची बाजू दुसऱ्या माणसाने ऐकली पाहिजे. तीन दिवसांत उत्तर, असं काहीतरी ठरवून टाकावं.

पैशांचं काम सगळ्यात जोखमीचं

खरी अडचण इथे आहे. अनेक ग्रुपमध्ये टीममागे पन्नास-शंभर रुपये ‘एंट्री’ घेतात, ॲडमिनच्या यूपीआयवर पैसे जमा होतात आणि त्यातूनच बक्षीस दिलं जातं. पोरांना यात काही वावगं वाटत नाही. पण संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवीन कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे भरून, पैसे जिंकायच्या आशेने खेळायचा ऑनलाइन खेळ या कायद्यात ‘मनी गेम’ धरला आहे. तो कौशल्याचा आहे की नशिबाचा, याने फरक पडत नाही.

असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षेचा रोख खेळणाऱ्यावर नाही. खेळ भरवणारा, त्याची जाहिरात करणारा आणि पैशांची व्यवस्था करणारा यांच्यावर आहे. म्हणजे ग्रुपच्या भाषेत ॲडमिन, निवेदक आणि हिशेब बघणारा.

‘पण हे ई-स्पोर्ट आहे’ असं उत्तर लगेच येतं. ई-स्पोर्टला सरकारने मान्यता दिली आहे हे खरं. नव्या कायद्यात ई-स्पोर्ट स्पर्धेला प्रवेश फी आणि कामगिरीवर बक्षीस घेता-देता येतं, हेही खरं. पण त्यासाठी तो खेळ ई-स्पोर्ट म्हणून रीतसर मान्य आणि नोंदणीकृत असावा लागतो. ॲडमिनने ‘टूर्नामेंट’ असं नाव दिल्याने ती मान्यता मिळत नाही. म्हणून गावपातळीवरच्या ग्रुपसाठी सुरक्षित वाट एकच. खेळणाऱ्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. बक्षीस द्यायचं असेल तर एखाद्या दुकानदाराने, मंडळाने स्वखुशीने द्यावं आणि कोणी दिलं, कोणाला मिळालं हे ग्रुपवर टाकावं.

दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजचं काय?

ॲडमिन व्हायला अनेक जण घाबरतात ते याच कारणाने. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात याचं उत्तर दिलं आहे. ग्रुपमधल्या सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला तर तो केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. मात्र दोघांचा हेतू एकच होता किंवा आधीच ठरलेलं होतं, असं दिसलं तर गोष्ट वेगळी.

याचा अर्थ डोळे मिटून बसावं असा नाही. घाण मेसेज दिसला की स्क्रीनशॉट घ्यावा, मेसेज काढावा, टाकणाऱ्याला बाहेर करावं. लहान मुलांचे अश्लील फोटो-व्हिडिओ असतील तर स्क्रीनशॉटही काढू नये, पुढे पाठवू तर अजिबात नये. असं साहित्य जवळ ठेवणं आणि पसरवणं हाच गुन्हा आहे. थेट पोलिसांना कळवावं.

आई-वडिलांनी काय विचारावं?

मुलगा ‘मी ग्रुपचा मॉडरेटर झालो’ असं सांगतो तेव्हा घरात बहुतेक वेळा ‘अभ्यास कर’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा चार प्रश्न विचारावेत. ग्रुपचा मालक कोण, त्याला प्रत्यक्ष कोणी ओळखतं का? पैसे तुझ्या किंवा आमच्या यूपीआयवर येतात का? रात्री किती वाजेपर्यंत बसावं लागतं? वाद झाला तर कोणाला सांगतोस? तिसऱ्या प्रश्नाला ‘मालक म्हणेल तोपर्यंत’ असं उत्तर आलं तर ते काम नाही, वेठबिगारी आहे. बापाच्या खात्यावर अनोळखी लोकांचे पैसे येत असतील तर ते त्याच दिवशी थांबवलेलं बरं, कारण उद्या चौकशी झाली तर ती खातेदाराची होते.

ग्रुपवर पिन करता येईल असा नमुना

– मालक एक, ॲडमिन दोन, मॉडरेटर चार. नावं खाली दिली आहेत.
– टीममधला कोणीही कधीही ओटीपी, पासवर्ड किंवा पैसे मागणार नाही. मागितले तर तो आपला नाही.
– या ग्रुपमध्ये एंट्री फी नाही. स्वस्तात यूसी किंवा डायमंडची विक्री नाही.
– आई-बहिणीवरून शिवी, जात, धर्म, गाव यावरून बोलणं बंद.
– रूम चालवणारा त्या मॅचमध्ये खेळणार नाही.
– आपल्या माणसाचा वाद असेल तर मॉडरेटर बाजूला होईल.
– निर्णय पटला नाही तर ॲडमिनला मेसेज करा. तीन दिवसांत उत्तर मिळेल.
– रात्री ११ नंतर शाळकरी मुलांसाठी रूम नाही.

आठ ओळींचा हा कागद लिहायला अर्धा तास लागतो. तो नसल्यामुळे होणारी भांडणं मात्र कॉलेजच्या गेटवर आणि यात्रेच्या गर्दीतही निघू शकतात.

ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. लहान मुलाला कोणी त्रास देत असेल तर १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.