किचनमध्ये केक आहे

लेस्टर, इंग्लंड

सकाळचे साडेदहा वाजत आले की आमच्या ऑफिसात सगळ्यांना एका ओळीची मेल यायची : ‘किचनमध्ये केक आहे.’ कुणी आणला, कशाबद्दल आणला, हे कधी लिहिलेलं असायचं, कधी नसायचं. मग एकेक जण आपला मग घेऊन उठायचा. किचन म्हणजे एक अरुंद खोली. सिंक, फ्रिज, मायक्रोवेव्ह, पाण्याची किटली. ओट्यावर पत्र्याचा गोल डबा उघडा ठेवलेला, शेजारी सुरी, कागदी रुमालांची चळत आणि केकमध्ये काय काय घातलंय त्याची चिठ्ठी. ज्याने तो केक रात्री जागून केला तो आपल्या जागेवर काम करत बसलेला असायचा. ज्याला हवा त्याने आपल्या हाताने कापून घ्यायचा.

इथे केक वाढत नाहीत, ठेवतात. डहाणू-तलासरीच्या वाचकांना हा देश समजावून सांगायचा तर मी या एका क्रियापदापासून सुरुवात करीन.

आपल्याकडे वाढणं हेच खरं. दिवाळीच्या आधी आई रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून मला बेकरीवर पाठवायची. नंबर लावायचा, आपल्या पत्र्यांवर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायची आणि भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं. भट्टीवाला लांब दांड्याच्या फळीने पत्रा बाहेर ओढायचा तेव्हा वेलदोड्याचा आणि तुपाचा वास अंगावर यायचा. नानकटाईचा डबा घरी आला की निम्मी वाटण्यातच जायची. शेजारी पारशी आजी, मागच्या गल्लीत गुजराती कुटुंब, वाडीवर चिकू काढायला येणाऱ्या बायका. कुणाचाच डबा रिकामा परत येत नसे. साखरेचे चार दाणे का होईना, घालूनच परत करायचा, ही रीत आमच्या गल्लीत सगळ्या जातीधर्मांनी पाळलेली होती. आणि देताना ‘घ्या हो, एकाने काय होतंय’ हे म्हणायचंच. पहिला नकार हा नकार नसतो, तो फक्त संकोच, हे देणाऱ्यालाही ठाऊक आणि घेणाऱ्यालाही.

इंग्लंडात पहिलं ‘नो, थँक यू’ हेच शेवटचं असतं. मी आल्या आल्या सवयीने एकदा नाही म्हटलं आणि बशी शांतपणे पुढे गेली. तेव्हा मला ते फार कोरडं वाटलं. आज मी त्याबद्दल वेगळं लिहिणार आहे.

आधी इथल्या रिती. वाढदिवस ज्याचा, केक त्यानेच आणायचा. सुट्टीवरून परत येणारा माणूस त्या गावची गोळ्या-बिस्किटं आणतो. निवृत्ती, बाळंतपणाची रजा, नवीन नोकरी, सगळ्याला केक. सप्टेंबरच्या शेवटी मॅकमिलन नावाच्या कर्करोग-साहाय्य संस्थेसाठी ‘कॉफी मॉर्निंग’ होते. १९९० पासून ही प्रथा देशभर पसरली आहे. लोक घरून भाजून आणतात, सहकारी एक तुकडा घेतात आणि पेटीत पैसे टाकतात. त्यातून कर्करोगाच्या रुग्णांसाठी मोठा निधी उभा राहतो. २०१० मध्ये टीव्हीवर केक भाजण्याची स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून घरच्या बेकिंगला आणखी मान आला. २०१५ मध्ये ती स्पर्धा नादिया हुसेन या बांगलादेशी वंशाच्या मुलीने जिंकली आणि पुढच्याच वर्षी राणीच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केक तिने केला. आमच्या ऑफिसातल्या साध्या साध्या बायकाही तिचं नाव आपल्या भाचीचं घ्यावं तसं घेतात.

लेस्टर तर निम्मं आपलंच. १९७२ मध्ये युगांडातून हाकलून दिलेले गुजराती इथे मोठ्या संख्येने आले. बेलग्रेव्ह रोडवर आज मिठाईची, साड्यांची, सोन्याची दुकानं लागून लागून आहेत. डहाणूच्या माणसाला गुजराती येतेच, त्यामुळे त्या रस्त्यावर मला परदेशात असल्यासारखं वाटत नाही. नाचणीचं पीठ तिथेच मिळतं. दिवाळीत ऑफिसच्या किचनमध्ये केकशेजारी काजूकतली येऊन बसते. म्हणजे इथल्या नोकरदाराच्या वर्षात दोन देशांचे सण आहेत आणि दोन्हींचं गोड.

आता तो केक जवळून बघा. इथला सगळ्यात घरगुती केक म्हणजे व्हिक्टोरिया स्पंज, राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा. माझी एक सहकारी तिच्या आजीच्या पद्धतीने तो करते. मी तिच्याकडे शनिवारी शिकायला गेले होते. तिने तराजूत आधी अंडी ठेवली, कवचासकट, चार. जेवढं अंड्यांचं वजन तेवढंच लोणी, तेवढीच साखर, तेवढंच पीठ. साधारण २२५ ग्रॅम भरलं. दोन थर भाजले, मध्ये रासबेरीचा जॅम लावला, वरून पिठीसाखर भुरभुरवली. बारा तुकडे केले. मी वहीत भागाकार मांडला : तुकड्यामागे जवळजवळ १९ ग्रॅम साखर, जॅम वेगळाच. इथल्या आरोग्यसेवेचा मोठ्या माणसाला सल्ला आहे, दिवसभरात वरून घातलेली साखर ३० ग्रॅमच्या वर नको. म्हणजे साडेदहाच्या एका तुकड्यात निम्म्याहून जास्त वाटा संपला. दुकानातल्या पाकिटावर साखर, चरबी, मीठ यांचे लाल-पिवळे-हिरवे ठिपके असतात. घरच्या केकवर कुठले ठिपके असणार? त्याच्यावर फक्त करणाऱ्याचं प्रेम असतं, आणि त्यामुळेच तो नाकारणं अवघड.

जानेवारी २०२३ मध्ये या गोष्टीवरून इथे मोठं वादळ उठलं. प्राध्यापक सुझन जेब या ऑक्सफर्डमध्ये आहार आणि लोकांचं आरोग्य हा विषय शिकवतात. तेव्हा त्या सरकारी अन्न-प्रमाण संस्थेच्या अध्यक्षाही होत्या. ‘टाइम्स’शी बोलताना त्यांनी ऑफिसातल्या केकची तुलना दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुराशी केली. त्यांचं म्हणणं असं होतं की, कुणी केक आणला नाही तर मी दिवसभरात केक खाणार नाही, पण लोक आणतात म्हणून मी खाते. खाणं माझ्या निवडीचं असलं तरी समोर काय ठेवलं आहे, ते माझ्या हातात नाही. धूर आणि केक एकसारखे नाहीत, हेही त्यांनी मान्य केलं होतं. तरी देश भडकला. सरकारने अंग काढून घेतलं, त्यांच्याच संस्थेने हे त्यांचं वैयक्तिक मत असल्याचं जाहीर केलं. आमच्या किचनमध्ये त्या आठवड्यात रोज कुणी ना कुणी मुद्दाम केक आणला.

मला मात्र ते वाचताना तलासरीच्या शाळेतली स्टाफरूम आठवली.

लग्नाआधी मी दोन वर्षं तिथे शिकवत होते. डहाणूहून सकाळच्या एसटीने जायचं. मधल्या सुट्टीत टेबलावर वर्तमानपत्र अंथरून सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, कुणाच्या घरची शेवळाची भाजी. एक वारली बाई काकडी किसून तांदळाच्या पिठात कालवून पानात शिजवून आणायच्या. नानकटाई माझी. आमच्यात एक ज्येष्ठ सर होते, मधुमेही. ते डब्यातून मोजून दोन भाकऱ्या काढत आणि गोडाला हात जोडत. आम्ही हात जोडू देत नव्हतो. ‘सर, घरची आहे’, ‘सर, आईने खास तुमच्यासाठी दिली’. मी स्वतः त्यांच्या तळहातावर नानकटाई ठेवलेली आहे. ते हसले आणि त्यांनी ती खाल्ली, कारण ती परत ठेवली असती तर मला वाईट वाटलं असतं. माझ्या एका नानकटाईने त्यांचं काही बिघडलं, असं मी म्हणत नाही. पण आम्ही चौदा जण होतो. रोज कुणाची ना कुणाची ‘एकच’ असायची. पुढे ते इन्शुलिनवर गेले, पायाची जखम भरेना, एक बोट काढावं लागलं. मी तेव्हा इथे आलेली होते. फोनवर ते म्हणाले, ‘पोरी, तुमची नानकटाई मात्र चांगली असायची.’ हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

चाळिशी उलटल्यावर इथे आरोग्यसेवेकडून तपासणीला बोलावणं येतं, दर पाच वर्षांनी, फुकट. माझ्या तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ४३ आला. इथल्या मापात ४२ ते ४७ म्हणजे कुंपणावर आणि ४८ म्हणजे मधुमेह. मी वजनाने जाड नाही. पण इथल्या नियमावलीत आपल्या भागातल्या लोकांसाठी उंची-वजनाच्या गुणोत्तराची धोक्याची खूण २५ ऐवजी २३ वर आहे. गोऱ्या माणसापेक्षा कमी वजनातच आपल्याला मधुमेह गाठतो, म्हणून. नर्सबाईंनी मला मधुमेह टाळण्याच्या नऊ महिन्यांच्या वर्गाला घातलं. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत दहा कोटींवर मधुमेही आणि सुमारे साडेतेरा कोटी कुंपणावरचे निघाले. आपल्या तालुक्यातही या दोन्हींतलं कुणीतरी असलेली घरं आहेत.

त्या वर्गात मी अभिमानाने सांगितलं की मी साखरेचा केक सोडला, आता गुळाचा आणि चिकूचा करते. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून मी इथे सगळ्यांना त्याच्याबद्दल सांगत आले आहे. गावाहून येताना सुकवलेल्या चिकूच्या पुड्या आणते. आहारतज्ज्ञ बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, रक्ताला गूळ आणि साखर वेगळी ओळखता येत नाही. ताज्या चिकूत शंभर ग्रॅमला साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात, सोबत ५ ग्रॅम चोथा. सुकवला की पाणी जातं, साखर तिथेच राहते. एक मूठ सुका चिकू म्हणजे कितीतरी ताजे चिकू. नाचणीचंही तसंच. मैद्यापेक्षा चोथा जास्त म्हणून बरी, पण नाचणीचा केक हा केकच. गावाकडे मी असंख्य लोकांकडून ऐकलंय की गूळ चालतो, मध चालतो, फळाचं गोड चालतं. हे मी ठळकपणे लिहिते आहे : चालत नाही, मोजावं लागतं.

म्हणून मी मोजायला लागले. माझा आताचा केक असा : नाचणीचं पीठ १५० ग्रॅम, गव्हाचं १००, कारण नाचणीत ग्लुटेन नसल्यामुळे नुसता नाचणीचा केक भुसभुशीत होऊन हातात राहत नाही. तीन अंडी, वाटीभर दही, थोडं तेल, वेलदोडा, साखर फक्त ५० ग्रॅम आणि भिजवून वाटलेला सुका चिकू १५०. त्याचे बारा नव्हे, चोवीस तुकडे. चिठ्ठीवर हे सगळं वजनासकट लिहिते. अंडी, दूध, गहू ही नावं अधोरेखित करते, कारण कुणाला त्याची अॅलर्जी असते. दुकानदारांना इथे अशा चौदा पदार्थांची नावं सांगणं बंधनकारक आहे. घरून आणणाऱ्याला कायदा लागू नाही, पण सगळे सौजन्याने लिहितात.

जेबबाईंचा वाद शमल्यावर आमच्या गटात एकदा याच्यावर नीट बोलणं झालं. कुणीही केक बंद करा म्हणालं नाही, आणि मीही म्हणाले नसते. एका सहकाऱ्याला टाईप टू मधुमेह आहे. साठीचा, अबोल माणूस. तो पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, मला कुणी आग्रह करत नाही याबद्दल आभारी आहे. पण डबा किचनच्या ओट्यावर उघडा असतो आणि मी दिवसातून वीस वेळा किचनवरून जातो. वीस वेळा नाही म्हणावं लागतं, तेही मनातल्या मनात, कुणाला न दिसता. खोली गप्प झाली. मला सरांचे जोडलेले हात दिसले. आमचा आग्रह तोंडाने होता, इथला नुसता डोळ्यांसमोर ठेवलेला. तेव्हापासून केक फक्त गुरुवारी, डब्याला झाकण, डबा किचनच्या कपाटात आणि मेल दिवसातून एकदाच.

गेल्या गुरुवारी माझी पाळी होती. संध्याकाळी कपाट उघडलं तर डबा नव्हता. केक उरला असणार आणि कुणीतरी घरी नेला असणार, असं वाटलं.

सोमवारी डबा माझ्या टेबलावर होता, घासून पुसून. तो अबोल सहकारी घेऊन गेला होता. शेवटचे चार तुकडे त्याने नातवंडांना दिले, स्वतः खाल्ले नाहीत, असं त्याने सांगितलं आणि माझी चिठ्ठी ठेवून घेऊ का, असं विचारलं. इथे नगरपालिका लोकांना भाजी लावायला जमिनीचे छोटे तुकडे भाड्याने देते. त्याचाही तसा एक आहे, ऑफिसपासून दोन मैलांवर. डबा उचलताना जड लागला. उघडला तर आत कोवळ्या लांब शेंगा होत्या, देठाला अजून माती लागलेली.