लवचिकता : शब्दाचे मूळ आणि चिकित्साक्रम

‘अंगात पूर्वीची लवचिकता उरली नाही, एखादे तेल द्या’ ही मागणी चिकित्सालयात आणि औषधी दुकानात नित्य कानी पडते. या शब्दाचे मूळ शोधता शोधता आपल्या शास्त्रातील एक चिकित्साक्रमच हाती लागतो, असे आम्हांस वाटते.

‘लवचीक’च्या मुळाशी ‘लवणे’ म्हणजे वाकणे हे क्रियापद आहे. आपण लवून नमस्कार करतो; फळांच्या भाराने फांदी लवते. हे ‘लवणे’ संस्कृत ‘नम्’ धातूपासून आले. मकाराचा वकार मराठीस नवा नाही. ‘ग्रामा’चे ‘गाव’ असेच झाले. आरंभीच्या नकाराचा लकार तर आपल्या औषधालयातच दिसतो : ‘निंबा’चा ‘लिंब’ आणि ‘नवनीता’चे ‘लोणी’. कण या अर्थाचा संस्कृत ‘लव’ मात्र ‘लू’ म्हणजे तोडणे या धातूपासून झालेला. त्याचा येथे संबंध नाही.

चरकसंहितेत, सूत्रस्थानाच्या 14व्या अध्यायात, हाच ‘नम्’ धातू भेटतो. स्नेहन-स्वेदनाने वाळलेले लाकूडही वाकविता येते, मग जिवंत मनुष्याचे काय सांगावे, असा तेथील आशय. चिकित्सास्थानाच्या 28व्या अध्यायात, वातव्याधींच्या संदर्भात, हा दृष्टान्त पुन्हा येतो आणि वाकविणे ‘शनैः’, म्हणजे हळूहळू, व्हावे असे बजावले जाते. आधी स्नेह, मग स्वेद आणि शेवटी नमन, हा क्रम त्यातून स्पष्ट होतो. कोरडे लाकूड नुसतेच तापविले, तर ते तडकते.

या क्रमाला मर्यादाही आहेत. स्तम्भ व गौरव जाऊन मार्दव आले, की स्वेदन थांबवावे. मार्दव म्हणजे शैथिल्य नव्हे. लवचीक वेत वाकतो आणि पूर्ववत होतो, शिथिल सांधा स्थैर्य गमावतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक ताठरपणा केवळ वाताचा नसतो. सांध्यांना सूज, जडपणा, अरुची, ज्वर अशी लक्षणे असतील, तर आमवाताचा विचार प्रथम करावा. तेथे आरंभी लंघन आणि वालुकेचा रूक्ष स्वेद युक्त. सामावस्थेतील अभ्यंगाने पीडा वाढते. म्हणून औषधविक्रेत्या बंधूंनी तेलाची बाटली हाती देण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य करावी आणि शंका येताच रुग्णास वैद्याकडे पाठवावे.