जुन्या विजेच्या गाडीला नवे सॉफ्टवेअर मिळत राहते काय?

नंदुरबारच्या बाजारपेठेत, शहाद्याच्या रस्त्यावर किंवा नवापूरच्या नाक्यावर विजेवर चालणारी गाडी आता नवलाईची राहिलेली नाही. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी काहीजण अशी गाडी घेण्याच्या विचारात आहेत. नवी परवडत नाही म्हणून त्यांचे लक्ष तीन-चार वर्षे वापरलेल्या गाडीकडे जाते. अशा वेळी दलाल सांगतो, "शेठ, ही गाडी मोबाईलसारखी आहे. कंपनी सॉफ्टवेअर पाठवत राहते, गाडी आपोआप नवी होत जाते."

या बोलण्यात तथ्य किती आणि विक्रीची युक्ती किती, हे सौद्याआधी समजून घेतले पाहिजे. सात-आठ लाख रुपये ही लहान व्यापाऱ्याची अनेक वर्षांची कमाई असते. आम्हाला जे समजले ते सोप्या शब्दांत येथे मांडत आहोत.

सॉफ्टवेअर म्हणजे नेमके काय?

विजेच्या गाडीत इंजिनाच्या जागी मोटर आणि टाकीच्या जागी बॅटरी असते. बॅटरीतून किती वीज घ्यायची, ती तापली तर वेग किती कमी करायचा, ब्रेक दाबल्यावर किती वीज परत बॅटरीत भरायची, हे सारे लहान संगणक ठरवतात. त्या संगणकांना दिलेल्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. या सूचना बदलल्या की तेच यंत्र थोडे वेगळे वागू लागते. काही गाड्यांना हा बदल मोबाईल नेटवर्कवरून मिळतो, तर काहींना सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन यंत्र जोडावे लागते.

पण सगळे बदल एकसारखे नसतात. त्यांचे तीन प्रकार आहेत. बॅटरी, मोटर व ब्रेक यांच्या सुरक्षिततेचे बदल हा पहिला. नव्या सोयी हा दुसरा. आणि मोबाईलवरून गाडी पाहणे, चार्जिंग सुरू करणे अशा कंपनीच्या संगणकावर अवलंबून असलेल्या सेवा हा तिसरा. दलाल या तिन्हींची एकच मोट बांधतो. गिऱ्हाइकाने ती सोडून पाहावी.

पुण्याच्या गाडीचे उदाहरण

यासाठी फार दूर जावयास नको. टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही ही गाडी पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होते. ती जानेवारी 2020 मध्ये बाजारात आली. तिची बॅटरी 30.2 किलोवॅट-तासांची होती आणि चाचणीत ती एका चार्जिंगमध्ये 312 किलोमीटर चालली होती.

जुलै 2022 मध्ये कंपनीने याच गाडीची सुधारलेली आवृत्ती काढली आणि त्यातील काही सोयी जुन्या गिऱ्हाइकांनाही सॉफ्टवेअरद्वारे मोफत देऊ केल्या. अशा जुन्या गाड्यांची संख्या तेव्हा 22 हजारांवर होती. ब्रेकमधून वीज परत मिळवण्याचे प्रमाण कमी-जास्त करणे, टायरमधील हवा कमी झाल्याची सूचना मिळणे, या त्यातील सोयी. तळोद्याहून चांदसैली घाटमार्गे धडगावला ये-जा करणाऱ्यास पहिल्या सोयीचे मोल लगेच कळेल. उतारावर गाडी स्वतःच आवरली जाते, ब्रेक कमी झिजतात आणि थोडी वीजही परत मिळते.

पुढे नेक्सॉन ईव्ही मॅक्स या मोठ्या बॅटरीच्या गाडीचा प्रमाणित पल्ला 437 वरून 453 किलोमीटर करण्यात आला. फेब्रुवारी 2023 पासून आधीच्या मॅक्स गिऱ्हाइकांनाही हा बदल सॉफ्टवेअरने मिळू लागला. म्हणजे जुन्या गाडीला नवे काही मिळत नाही, असे म्हणणे बरोबर नाही.

तथापि याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहावी. मे 2022 मध्ये आलेल्या मॅक्सची बॅटरी 40.5 किलोवॅट-तासांची होती आणि तिला मागेही डिस्क ब्रेक होते. सप्टेंबर 2023 च्या नव्या नेक्सॉनमध्ये मोठा पडदा आला आणि गाडीच्या बॅटरीवर बाहेरची उपकरणे चालवण्याची सोय आली. यातले काहीही 2020 च्या गाडीला सॉफ्टवेअरने मिळाले नाही, आणि मिळणे शक्यही नव्हते. जो भाग गाडीत बसवलेलाच नाही तो सूचना पाठवून तयार होत नाही. शिंप्याला नवा नमुना दिला म्हणून कमी पडलेले कापड वाढत नाही, तसेच हे आहे.

परदेशातील अनुभव

ज्या कंपनीचे नाव या बाबतीत सर्वात पुढे घेतले जाते ती अमेरिकेची टेस्ला. तिच्या कित्येक वर्षे जुन्या गाड्यांनाही नवे सॉफ्टवेअर मिळत आले आहे. पण 2021 मध्ये तिला सुमारे 1 लाख 35 हजार जुन्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांच्या पडद्यामागील स्मृती-चिप सतत लिहून लिहून झिजत होती आणि पडदा बंद पडत होता. तेथे नव्या सूचना पुरल्या नाहीत, भाग बदलावा लागला.

जपानच्या निस्सान कंपनीने 2016 पूर्वीच्या लीफ गाड्यांची मोबाईल सेवा ब्रिटनमध्ये 1 एप्रिल 2024 पासून बंद केली. त्या गाड्यांतील उपकरण जुन्या टू-जी नेटवर्कवर चालत होते आणि ते नेटवर्क तेथे मोडीत निघत होते. गाड्या रस्त्यावर चालत राहिल्या, पण घरात बसून चार्जिंग सुरू करण्याची सोय गेली. अमेरिकेतील फिस्कर कंपनीने तर जून 2024 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या गाड्यांना पुढे सॉफ्टवेअर कोण देणार, हा प्रश्न उभा राहिला आणि मालकांना स्वतःची संघटना बांधावी लागली.

सारांश, सुरक्षिततेचे बदल कंपनी टिकेपर्यंत मिळण्याची आशा धरता येते. नव्या सोयी गाडीतील भाग झेपवतील तोवरच मिळतात. मोबाईलच्या सेवांना मात्र मुदत असते, आणि पुष्कळदा ठरावीक काळानंतर फीही द्यावी लागते.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात सदोष वाहने परत बोलावण्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. ते उत्पादनापासून सात वर्षांच्या आतील वाहनांना लागू आहेत. दोष सुरक्षिततेचा असेल आणि तो सॉफ्टवेअरमध्ये असेल, तरी दुरुस्तीची जबाबदारी कंपनीवर येते. नव्या सोयी देण्याचे बंधन मात्र या नियमांत नाही.

दुसरी बाब बॅटरीची. 2022 मध्ये विजेच्या दुचाकींना आगी लागल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष कडक केले आणि ते डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्याआधीची गाडी केवळ सॉफ्टवेअर भरून नव्या निकषांची होत नाही. तेव्हा जुनी स्कूटर किंवा मालवाहू रिक्षा घेताना बॅटरी कोणत्या महिन्यात तयार झाली, हे अवश्य पाहावे.

कंपनीने लेखी दिलेले आश्वासन पाळले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. 50 लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तेथे चालते. येथे एक खाच आहे. धंद्यासाठी केलेली खरेदी या कायद्यात सहसा बसत नाही. परंतु स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वाहन घेऊन ते स्वतः वापरणारा माणूस ग्राहकच मानला जातो. रिक्षा चालवणाऱ्याने किंवा गाडीवर माल विकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

मिस्त्री बांधवांसाठी

आपल्या समाजात मोटार मिस्त्री, वायरमन आणि बॅटरीची कामे करणारे कारागीर पुष्कळ आहेत. पाना आणि मीटर हातात असले म्हणजे पूर्वी काम भागत असे. आता नवा भाग बसवल्यावर संगणकाने तो स्वीकारावा लागतो, आणि त्याची किल्ली कंपनीकडे असते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व त्या वर्षअखेर पोर्टलही सुरू केले. त्यात वाहनांचाही समावेश आहे. दार अजून पुरते उघडलेले नाही, पण ज्या तरुणाने आजच विजेच्या गाडीचे शिक्षण घेतले तो उद्या मागे राहणार नाही.

शिशाच्या बॅटरीवर चालणाऱ्या साध्या ई-रिक्षेची गोष्ट निराळी. तिच्यात बदलण्याजोगे सॉफ्टवेअर फारसे नसते. तिला नवे काही मिळत नाही, आणि कंपनीच्या संगणकावाचून तिचे काही अडतही नाही. ज्याचा धंदा मिरचीच्या पथारीपासून बाजारापर्यंतच आहे त्याला ते पुरेसे असू शकते.

सौद्यापूर्वी काय पाहावे?

गाडीचा चॅसिस नंबर कंपनीच्या अधिकृत केंद्रात दाखवून कोणते बदल झाले व कोणते राहिले, हे विचारावे. बॅटरीची हमी नव्या मालकाच्या नावे होते की नाही, हे कागदावर घ्यावे. पहिल्या नेक्सॉनला बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर होती. म्हणजे 2020 ची गाडी घेणाऱ्याची मुदत 2028 मध्ये संपेल. मोबाईल ॲपवरून आधीच्या मालकाचे नाव काढून घ्यावे, नाहीतर गाडी तुमची आणि तिची खबर दुसऱ्याकडे, अशी स्थिती होईल. सर्व्हिस सेंटर किती दूर आहे ते मोजावे, कारण एक दिवस धंदा बंद राहिला तर तोही खर्चच. आणि पूर्ण चार्ज करून, माल भरून, आपल्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. खानदेशचा उन्हाळा बॅटरीची खरी परीक्षा घेतो.

ज्यांना आपली गाडी विकायची आहे त्यांनाही एक सांगणे आहे. मोबाईल सेवा बंद पडली असेल किंवा बॅटरी उतरली असेल, तर ते आधी सांगावे. मालातला ऐब झाकून केलेल्या सौद्यात बरकत नसते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आमचे मत असे की, जुनी विजेची गाडी घेण्यात गैर काही नाही. मात्र किंमत गाडी आज जे करते त्याची द्यावी. उद्या येणाऱ्या सॉफ्टवेअरचे पैसे आज मोजू नयेत. ते आले तर तो फायदा समजावा, आणि न आले तरी आपला हिशेब चुकता कामा नये.