अभ्यासक्रमाबाहेरचे सहा खेळ

‘गेम’ हा शब्द लातूर-नांदेडकडच्या घरांत सहसा तीन वेळा कानावर येतो. पोराच्या हातातला मोबाइल काढून घेताना, रमीपायी कुणाची जमीन गहाण पडल्याचे सांगताना आणि ‘त्याचा गेम झाला’ म्हणताना. तिन्ही वेळा अर्थ नुकसानीचाच. या धास्तीला कारणे आहेत. सप्टेंबर २०२०मध्ये केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पबजी होता. ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. त्यातच बारावीच्या गुणवत्ता याद्यांमुळे नावारूपाला आलेला ‘लातूर पॅटर्न’ आणि त्याच वाटेने गेलेले नांदेडचे क्लासेस. ट्यूशन एरियातल्या खोलीत राहणाऱ्या मुलाच्या बापाला खेळ म्हणजे अभ्यासाचा वैरी वाटला, तर त्याला दोष देता येत नाही.

पण या सगळ्यात एक वेगळीच गोष्ट आपल्या साहित्यव्यवहाराच्या नजरेतून सुटली आहे. मोठ्या कंपन्यांच्या, शेकडो माणसे राबवून केलेल्या खेळांच्या बाजूला एक-दोन किंवा पाच-दहा माणसांनी मिळून केलेल्या खेळांची एक परंपरा गेल्या वीसेक वर्षांत उभी राहिली. त्यांना ‘इंडी गेम’ म्हणतात. आपण त्यांना स्वतंत्र खेळ म्हणू. साठच्या दशकात प्रस्थापित मासिकांना वळसा घालून तरुण कवी-लेखकांनी पदरमोड करून लघुअनियतकालिके काढली. ही धडपड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या खेळांमागची ऊर्मी समजावून सांगावी लागणार नाही. भांडवल थोडे, वाचक थोडे, पण सांगायचे ते आपल्या मनाचे.

गेल्या दोन-तीन वर्षांत असे बरेच खेळ मी एका जुन्या लॅपटॉपवर खेळून पाहिले. त्यांतले सहा या वाचकांपुढे ठेवावेत असे वाटते.

खेळ बोलतो तो नियमांतून

आधी एक मूलभूत प्रश्न. कादंबरी वाक्यांतून बोलते, चित्रपट दृश्यांतून. खेळ कशातून बोलतो? उत्तर आपल्याच घरात आहे. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला गेलेला मोक्षपट पाहा. सद्गुणाच्या घरात पडलात तर शिडी, दुर्गुणाच्या घरात पडलात तर साप. जुन्या पटांत बहुधा सापच जास्त. म्हणजे वर जाणे अवघड आणि घसरणे सोपे, हा विचार कुणी प्रवचनातून सांगत नाही. कवड्या टाकता टाकता तो अंगी लागतो. हाच पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात पोचला आणि पुढे ‘सापशिडी’ होऊन उरला, तेव्हा त्यातला अर्थ बराचसा गळून गेला. वेरूळच्या ‘रावण की खाई’ या लेण्यात शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरले आहेत. खेळ हा गंभीर कलेचा विषय होऊ शकतो, हे मराठवाड्याच्या दगडालाही माहीत आहे.

संगणकावरचा खेळ हेच करतो, फक्त नियमांची गुंतागुंत वाढलेली असते. वाचक पात्राचा निर्णय वाचतो. खेळणाऱ्याला तो निर्णय स्वतः घ्यावा लागतो आणि त्याचे परिणामही सोसावे लागतात.

पाणी आणि कागद

पहिला खेळ ‘अनरेस्ट’ (२०१४). पायरोडॅक्टिल या भारतातल्या छोट्या गटाने लोकवर्गणी जमवून तो केला. प्राचीन भारतावर बेतलेले भीमरा नावाचे एक काल्पनिक नगर आहे. पाऊस नाही, धान्य नाही, सत्ता डळमळीत झाली आहे. इथे नायक एक नाही. कधी तुम्ही लग्न ठरलेली खेड्यातली मुलगी असता, कधी पुजारी, कधी राजकन्या. हाणामारी जवळपास टाळता येते. मुख्य काम बोलण्याचे. समोरच्याची मैत्री, आदर आणि भीती यांचा तोल सांभाळत बोलायचे. एखादे पात्र मेले तरी खेळ संपत नाही, गोष्ट उरलेल्यांना घेऊन पुढे जाते.

हा खेळ लातूरच्या माणसाने खेळावा. मार्च २०१६मध्ये शहरातल्या पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी करू नये म्हणून कलम १४४ लावावे लागले आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना माहीत आहे की, टंचाईत पहिल्यांदा पाणी आटते आणि पाठोपाठ माणसांचे आपसातले बोलणे बदलते. ‘अनरेस्ट’ने नेमकी ही दुसरी गोष्ट पकडली आहे. लेखन मधूनमधून घाईचे वाटते, चित्रेही साधी आहेत. तरी दुष्काळाला त्याने केवळ पार्श्वभूमी केलेले नाही.

दुसरा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३). लुकस पोप या एकाच माणसाने तो जपानमध्ये राहून केला. काळ १९८२चा, देश काल्पनिक. तुम्ही सीमेवरचे कारकून. समोर येणाऱ्याचा पासपोर्ट, परवाना, शिक्का, तारीख तपासायची आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. जितकी माणसे तपासाल तितका पगार. चुकलात तर आधी ताकीद, मग दंड. संध्याकाळी हिशेब येतो: भाडे, जेवण, उबेसाठी सरपण, मुलाचे औषध. एके दिवशी एका माणसाचे कागद बरोबर निघतात. जाताना तो सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायकोपाशी परवाना नसतो. आता शिक्का कुठला?

निजामकाळातल्या उर्दू नोंदींत आजोबा-पणजोबांचे नाव शोधत फिरणारी माणसे आपल्याकडे आहेत. एका दाखल्यापायी पोराचा प्रवेश अडलेला त्यांनी पाहिलेला असतो. अशा माणसाला हा खेळ खिडकीच्या पलीकडे, खुर्चीत नेऊन बसवतो. तिथून कळते की, क्रूर व्हायला दुष्ट असावे लागत नाही. घरी भाडे थकलेले असले तरी पुरते.

भाषा आणि चूल

तिसरा ‘नेव्हर अलोन’ (२०१४). अलास्कातल्या आदिवासींच्या एका संस्थेने पुढाकार घेऊन, इन्युपिआक या आदिवासी समाजातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर बसवून तो करवला. नुना नावाची मुलगी आणि एक पांढरा कोल्हा न थांबणाऱ्या हिमवादळाचे मूळ शोधायला निघतात. मूळ लोककथा ज्या कथेकऱ्याच्या तोंडून नोंदवली गेली, त्याच्या मुलीची रीतसर परवानगी घेण्यात आली. निवेदन सगळे इन्युपिआक भाषेत आहे, खाली इंग्रजी ओळी येतात. खेळताना मध्येच समाजातल्या माणसांच्या छोट्या चित्रफिती उघडतात. शिकार, बर्फ, भुते यांविषयी ती आपल्या शब्दांत सांगतात.

हा खेळ खेळताना किनवट-माहूरकडची गोंडी आणि कोलामी आठवते, तांड्यांवरची गोरमाटी आठवते. या बोलींतल्या कथांची संकलने व्हायला हवीत, होतातही. पण ती कपाटात जातात. इथे तीच कथा दहा वर्षांच्या नातवाच्या हातात गेली आणि पुढे जायचे तर आजीचा आवाज ऐकणे त्याला भाग पडले.

चौथा ‘वेन्बा’ (२०२३). कॅनडातल्या तमिळ तरुणाच्या छोट्या गटाने केलेला, दीड तासात संपणारा. १९८८मध्ये तमिळनाडूतून कॅनडात आलेल्या बाईची ही गोष्ट. आईने दिलेली पाककृतींची वही जीर्ण झाली आहे, ओळी पुसल्या आहेत. तुम्ही अंदाजाने स्वयंपाक करायचा. पहिलेच कोडे इडलीचे: इडलीपात्राच्या ताटल्या कशा बसवल्या म्हणजे वाफ वरपर्यंत जाईल? कोणत्याही मराठी गृहिणीला हे क्षणात सुटेल, आणि बहुतेक समीक्षकांना सुटणार नाही. पुढे मुलगा मोठा होतो, आईची भाषा त्याला धूसर होत जाते आणि पडद्यावरची अक्षरेही त्याच्यासाठी धूसर होतात. या खेळाला २०२४मध्ये बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. ज्यांची मुले पुण्याहून पुढे परदेशी गेली आहेत, त्या घरांत तो मुलाबरोबर बसून खेळावा.

जवळचा, तरीही लांबचा

पाचवा खेळ पुण्याचा. नॉडिंग हेड्स गेम्स या गटाचा ‘राजी’ (२०२०). भावाला असुरांनी पळवून नेले म्हणून त्याच्या शोधात निघालेल्या, डोंबाऱ्यासारख्या कसरती करणाऱ्या मुलीची ही कथा. २०१७मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी गटाने काम सोडले नाही. पुढे पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या नामांकनांत तो पोचला. चित्रे देखणी आहेत. कथेचे दुवे छाया-बाहुल्यांच्या खेळासारखे उलगडतात.

तरी एक खंत राहते. वास्तू राजस्थानच्या, चित्रशैली पहाडी, भाषा आधी इंग्रजी आणि नंतरच्या आवृत्तीत हिंदी. पिंगुळीची चित्रकथी आणि बाहुल्या, ‘पैठण शैली’ म्हणून ओळखली जाणारी चित्रे ही इतकी जवळ असूनही त्यात आली नाहीत. दोष त्या गटाचा नाही. जगाच्या बाजारात ओळखीचा भारत आधी विकला जातो. आपले चित्र आपण रंगवायचे, तर ते काम दुसऱ्या कुणावर सोपवता येणार नाही.

खेळ अभ्यासक्रमात गेला तेव्हा

सहावा ‘दिस वॉर ऑफ माइन’ (२०१४), पोलंडमधल्या वॉर्सा शहरातला. १९९२ ते १९९६ या काळातल्या सारायेवोच्या वेढ्यावरून तो सुचला. हातात बंदूक घेतलेला सैनिक इथे नायक नाही. पडक्या घरात अडकलेली साधी माणसे आहेत. दिवसा चूल, बिछाना, औषध यांची जुळवाजुळव. रात्री शेजारच्या घरांतून जे मिळेल ते आणायचे. एका घरात म्हातारे जोडपे असते. त्यांचे अन्न तुम्ही उचलू शकता, कुणी अडवत नाही. पण सकाळी तुमचीच माणसे खचतात, कामाला उठत नाहीत.

२०२०मध्ये पोलंड सरकारने हा खेळ उच्च माध्यमिक शाळांच्या पूरक वाचनयादीत घेतला. ज्या देशाने युद्ध सोसले त्याला वाटले की, मुलांना हे कळायला पुस्तकांबरोबर हाही मार्ग हवा. आपण खेळ आणि अभ्यास यांच्यात भिंत उभी केली. तिथे खेळच अभ्यासाला लावला. आपल्याकडे ‘परीक्षेला येणार आहे का?’ हा प्रश्न आधी विचारला जातो, म्हणून ही तुलना महत्त्वाची.

मराठीतली रिकामी जागा

या सहांत मराठी खेळ एकही नाही. किल्लारीचा १९९३चा भूकंप, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची मागे राहिलेली मुले, ट्यूशन एरियातली खोली, पाण्याची रेल्वे. हे सगळे कथा-कवितांत आले आहे, खेळात नाही. आणि पुढे संगणकाच्या नोकऱ्यांत जाणारी आपली मुले इतरांच्या गोष्टींसाठी आज्ञावली लिहिणार.

अडचण आता साधनांची फारशी राहिलेली नाही. ‘गोडो’ हे खेळ बनवण्याचे पूर्ण साधन फुकट मिळते. ‘ट्वाइन’ तर संगणकाची भाषा न येणाऱ्यालाही वापरता येते: वाचकाला पर्याय देत जाणारी कथा त्यात सरळ देवनागरीत टाइप करायची. एक लिहिणारा, एक चित्र काढणारा आणि एक जुळवणारा एवढी माणसे कुठल्याही महाविद्यालयात सापडतील. वार्षिक अंकासाठी कथा मागवणारा मराठी विभाग एखाद्या वर्षी खेळ मागवू शकतो.

विषयही शोधायला नकोत. रात्री तीन वाजता टँकर येणार आहे. घरात घागरी दोन. आईचे गुडघे दुखतात, बाप ऊसतोडीला गेला आहे, बहिणीचा सकाळी पेपर आहे. कुणाला उठवायचे? हा प्रश्न लातूरच्या कितीतरी घरांनी सोडवलेला आहे. तो दुसऱ्याला सोडवायला लावणारा खेळ आता आपल्या बोलीत यायला हवा.