मोटारीचे दिवे आणि रंगीत फिल्म

1 सप्टेंबर 1939 रोजी ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट सुरू झाला. शत्रूच्या विमानांना शहरे दिसू नयेत म्हणून रस्त्यांवरील दिवे मालवण्यात आले व मोटारींच्या दिव्यांवर आच्छादने चढली. 1938 साली त्या देशातील रस्त्यांवर 6,648 माणसे अपघातांत मृत्युमुखी पडली होती. 1941 साली हा आकडा 9,169 झाला. पेट्रोलवर नियंत्रण असतानाही अपघात वाढले, याला काळोख हे एक मोठे कारण होते. आपल्या देशातही 1971 च्या युद्धात मोटारींच्या पुढच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवीत असत, हे वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल.

तेव्हा दिवे मंद केले ते नाइलाजाने. आज मात्र काही जण केवळ शोभेसाठी मोटारीच्या पुढच्या व मागच्या दिव्यांवर काळसर, निळी किंवा पिवळी फिल्म चिकटवतात. या पातळ पापुद्र्याने नेमके काय घडते, याचा विचार शास्त्राच्या साहाय्याने करू.

फिल्म रंग देत नाही

फिल्म लावल्याने दिव्याला नवा रंग मिळतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः फिल्म प्रकाशात काहीच घालीत नाही. ती त्यातून काही काढून घेते. पांढऱ्या प्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व रंग मिसळलेले असतात. पिवळी फिल्म त्यांपैकी निळा भाग शोषून घेते व उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. काळसर फिल्म सर्वच रंग थोडेथोडे शोषते. शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते. तिचा रस्त्यावर काही उपयोग नाही.

तारेच्या बल्बच्या प्रकाशात तांबडा व पिवळा भाग पुष्कळ असतो, निळा फार थोडा. अशा दिव्यावर निळी फिल्म लावणे म्हणजे भरलेल्या कोठारातून मूठभर धान्य ठेवून बाकीचे टाकून देणे होय.

थर वाढले की प्रकाश गुणाकाराने घटतो, हेही ध्यानात ठेवावे. एक फिल्म निम्मा प्रकाश जाऊ देत असेल, तर तशाच दोन फिल्मांमधून एक चतुर्थांश व तिनांमधून एक अष्टमांशच प्रकाश बाहेर पडेल.

डोळ्याची फसगत

फिल्म लावून झाल्यावर मालक दिव्याकडे पाहतो आणि म्हणतो, “फारसा फरक पडलेला नाही.” तो खोटे बोलत नाही, त्याचा डोळाच त्याला फसवतो. भर दुपारच्या उन्हापासून चांदण्या रात्रीपर्यंत प्रकाशाचे अतिप्रचंड चढउतार आपला डोळा सांभाळून घेतो. त्यामुळे प्रकाश निम्मा झाला तरी तो निम्मा झाल्यासारखा वाटत नाही, किंचित उणा वाटतो. शिवाय मालक पाहतो ती दिव्याची काच, आणि तीही हातभर अंतरावरून. खरा प्रश्न असा आहे की, दूरवर काळोखात चालणाऱ्या माणसावर किती प्रकाश पडतो.

तीस मीटरांचा हिशेब

दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की वस्तूवर पडणारा प्रकाश चौपट कमी होतो. याच नियमाने उलट हिशेब करता येतो. गडद कपडे घातलेला पादचारी 100 मीटरांवरून दिसण्याइतका प्रकाश दिवा देत असेल आणि फिल्मने तो निम्मा केला, तर तोच पादचारी दिसण्यासाठी गाडीला सुमारे 70 मीटरांपर्यंत जवळ यावे लागेल.

आता वेगाचा विचार करू. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर अंतर तोडते. धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात 33 मीटर संपतात. पुढे ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला 5 मीटरांनी कमी होत गेला, तर थांबण्यास आणखी सुमारे 49 मीटर लागतात. एकूण अंतर 82 मीटर. पादचारी 100 मीटरांवरून दिसला असता तर गाडी त्याच्या अलीकडे थांबली असती. तो 70 मीटरांवर दिसला, तर त्याच्यापाशी पोहोचताना गाडीचा वेग अजून ताशी सुमारे 40 किलोमीटर असेल. हा हिशेब सोपा करून मांडलेला आहे. प्रत्यक्षात रस्ता ओला असेल, टायर झिजलेले असतील, तर परिस्थिती याहून बिकट होते.

मागचे दिवे

पुढचा दिवा पाहण्यासाठी असतो, मागचा दिसण्यासाठी. आपल्याकडील 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागील तांबडा दिवा 155 मीटरांवरून दिसावा असे म्हटले आहे. या दिव्याची तांबडी काच हीच मुळात एक गाळणी आहे. तिच्यावर काळसर फिल्म लावली की उरलेला प्रकाशही घटतो. निळी लावली तर जवळजवळ काहीच बाहेर येत नाही, कारण तांबड्या काचेने जे जाऊ दिले तेच निळी फिल्म अडवते.

ब्रेकच्या दिव्याची गोष्ट याहून नाजूक आहे. अनेक गाड्यांत मागचा दिवा व ब्रेकचा दिवा दोन्ही तांबडेच आणि एकमेकांशेजारी असतात. फरक असतो तो प्रखरतेचा. फिल्मने ब्रेकचा दिवा मंदावला, तर मागून येणाऱ्याला तो नुसता मागचा दिवा वाटू शकतो. दिवसा तर या दिव्याला सूर्यप्रकाशाशी झगडावे लागते.

आणि परावर्तक? दिवे बंद करून रस्त्याच्या कडेला उभे असलेले वाहन रात्री त्याच्यामुळेच ओळखू येते. मागच्या गाडीचा प्रकाश त्याच्यात शिरतो व तसाच परत फिरतो. म्हणजे फिल्ममधून दोनदा जातो. जाताना निम्मा, येताना त्याचा निम्मा. उरतो फक्त एक चतुर्थांश.

पिवळा रंग आणि धुके

पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, असे पुष्कळदा सांगितले जाते. आकाश निळे दिसते ते हवेचे अतिसूक्ष्म रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात म्हणून. परंतु धुक्यातील जलबिंदू प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने फार मोठे असतात व ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणूनच धुके पांढरे दिसते. फ्रान्समध्ये 1936 च्या आदेशाने मोटारींचे पुढचे दिवे पिवळे करण्याची सक्ती झाली व ती 1993 साली संपली. पिवळ्या प्रकाशाने डोळे कमी दिपतात असे अनेकांना वाटते. पण त्यासाठी प्रकाशाचा काही भाग गमवावा लागतो. धुक्यात खरा उपयोग होतो तो खाली बसवलेल्या, रुंद व आखूड झोत टाकणाऱ्या दिव्यांचा आणि कमी वेगाचा.

एक प्रयोग

विद्यार्थ्यांना हे स्वतः पडताळून पाहता येईल. रात्री शाळेच्या मैदानात सायकलचा तांबडा परावर्तक ठेवून विजेरीचा झोत त्याच्यावर टाकावा व तो दिसेनासा होईपर्यंत मागे सरकत जावे. मग त्याच्यावर काळसर प्लास्टिकचा तुकडा बसवून पुन्हा तेच करावे, आणि दोन्ही अंतरे पावलांनी मोजावीत.

फिल्म विकतचीच असावी लागते असेही नाही. चिखलाचे शिंतोडे, धुळीचा थर, उन्हाने पिवळी पडलेली प्लास्टिकची काच हेही तेच काम करतात. रात्रीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने गाडीचे पुढचे व मागचे सर्व दिवे पुसावेत. याला दोन मिनिटे पुरतात.