बाळंतिणीची भूक पुस्तकात आली

१८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध लिहिला. मांग-महारांच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, हे तिने त्यात मांडलं. पुढे बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातली बाळंतीण आली. पोटात अन्न नाही, बाई अडली की सुईणींचे हात पुन्हा पुन्हा आत. अशा हातांवाटे जंतू शिरतात, ताप चढतो, बाई दगावते. आम्ही सुईणींना दोष देत नाही. वस्तीपर्यंत दवाखानाच आला नव्हता.

आज सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त मोफत आहे. २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस जेवणही आहे. ने-आण करायला १०२ची गाडी. शहापूर असो की मुरबाड, हे हक्काने मागा, ओशाळू नका. औषध बाहेरून आणायला सांगितलं, तर चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा, तक्रारीला लागतं.

हे पान सासू-सुनेला एकत्र बसवून वाचून दाखवा. बाळंतपणानंतर ४२ दिवसांत ताप आला, अंगावरून फार गेलं किंवा घाण वास आला, तर घरगुती उपायात दिवस घालवू नका. लगेच १०८ला फोन करा.