इलेक्ट्रिक स्कूटर घेताय? कोटेशन नीट वाचा!

कुंभकोणममधल्या मंडळींनो, टीएन-६८ पासिंगची इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर हे वाचाच. परवा महामखम तळ्याजवळच्या शेजाऱ्यांनी नव्या स्कूटरचं कोटेशन दाखवलं. त्यात एक ओळ होती, 'नोंदणी फी ३०० रुपये'. ही फी लागतच नाही! बॅटरीवरच्या वाहनांना नोंदणी आणि तिचं नूतनीकरण, दोन्हीची फी केंद्राने २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने माफ केली आहे. शोरूमवाल्यांना विचारलं, त्यांनी लगेच ओळ काढली.

फी केंद्राच्या नियमाने ठरते, रोड टॅक्स राज्याचा. खरी मोठी रक्कम टॅक्सचीच असते, म्हणून त्यातली सवलत बुकिंगच्या दिवशी चालू आहे का, हे आरटीओत विचारून घ्या.

जुनी गाडी अधिकृत केंद्रात भंगारात दिलीत तर 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं. ते जपून ठेवा हो! ते दाखवलं की नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते, मग ती पेट्रोलची का असेना. खासगी गाडीच्या टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूदही केंद्राच्या नियमांत आहे. मात्र हे सगळं नोंदणीचा अर्ज भरतानाच मागायचं.